थट्टेच्या भावाकडून घेतलेला ट्रॅक्टर

उत्तर घानातल्या जिरापात कुणाला जुना ट्रॅक्टर घ्यायचा असला की तो आधी पॉलिकार्प झिएमच्या अंगणात येऊन बसायचा. जुनं मळणी यंत्र, जुना काँक्रीट मिक्सर, विहिरीवरचा पंप, काहीही असो. नव्या मशीनचं बरं असतं. त्याला दुकान असतं, दुकानात माणूस असतो आणि त्या माणसाला किंमत पाठ असते. जुनं मशीन कुठल्यातरी आंब्याखाली उभं असतं, त्याच्या सीटवर कोंबडी अंडी घालत असते आणि त्याची किंमत मालकाच्या डोक्यात रोज सकाळी नव्यानं उगवते. विचारायला आलेल्याचे कपडे बघून ती दुपारपर्यंत आणखी वाढते.

म्हणून पॉलिकार्पचा एक खास शर्ट होता. कॉलर फाटलेला, दोन बटणं गायब आणि पाठीवर ग्रीसचा डाग. तो धुवायची बायकोला मनाई होती. हा शर्ट घालून तो भाव काढायला निघाला की गावातली माणसं त्याला वाट द्यायची. त्यात आदर किती आणि वासाची भीती किती, हे सांगणं अवघड होतं.

भाव काढायची त्याची रीतही वेगळी होती. मालकाला विचारायचंच नाही, कारण मालक खोटं बोलणार. आदल्या वर्षी ज्यानं तसंच मशीन घेतलं असेल त्यालाही विचारायचं नाही. तो मित्रांना सांगतो की फुकटात मिळालं, आणि बायकोला त्याहून कमी आकडा सांगतो. खरा आकडा माहीत असतो तो मशीन वाहून आणणाऱ्या लॉरीच्या ड्रायव्हरला. पैसे मोजताना तो शेजारी उभा असतो आणि त्याला कुणाची भीड नसते. पॉलिकार्पनं उत्तरेतल्या अर्ध्या लॉरी ड्रायव्हरांना आपल्या बहिणीची पितो, म्हणजे ज्वारीची दारू, पाजली होती. ते पैसे वाया गेले, असं तो कधी म्हणाला नाही.

आणि मशीन तपासायचे त्याचे दोनच नियम होते. इंजिन गार असताना चालू करायचं, आणि तेल मोजायची पट्टी ओढून स्वतःच्या बोटानं बघायची. "ज्वारीची पितो घेताना आपण काय करतो?" तो गिऱ्हाइकाला विचारायचा. "विकणारी बाई आधी स्वतः घोट घेते, मग आपल्याला चाखायला देते, मग आपण डेरा घेतो. खरं ना? मग ट्रॅक्टर काय न चाखता घ्यायचा?" गिऱ्हाईक मान डोलवायचं. आजवर पॉलिकार्पनं कुणाला फसू दिलं नव्हतं, आणि हे तो स्वतःच दिवसातून दोनदा सांगत असे.

तर ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी गिऱ्हाईक घरचंच निघालं. त्याची थोरली बहीण आयुओ.

आयुओची पितो जिरापात नावाजलेली. तिच्या झाडाखालच्या बाकांवर शिक्षक, फिटर, चर्चचे वडीलधारे, सगळे एका रांगेत बसायचे. बाई फार बोलायची नाही. पोखरलेल्या भोपळ्याची कलाबाश पुढे करायची, त्याआधी स्वतः एक घोट घ्यायची, बस. नवरा गेल्यावर त्याच गप्प बसण्यावर तिनं मुली शिकवल्या, गाई जोडल्या. आणि एके दिवशी तिनं भावाला सांगितलं, "गाई विकल्या. मला एक ट्रॅक्टर बघून दे. लोकांची शेतं भाड्यानं नांगरीन. चूल फुंकून फुंकून डोळे गेले माझे."

"ताई, तू आणि ट्रॅक्टर?"

"मी चालवणार नाहीये. ड्रायव्हर ठेवीन. तू फक्त चांगला बघून दे. गावाला बघून देतोस ना?"

ही बातमी एका संध्याकाळत गावभर झाली. दुसऱ्या दिवसापासून लोक नांगरणीसाठी आपली नावं सांगून जायला लागले. आयुओनं कुणालाही नाही म्हटलं नाही. नांगरणीचे दिवस आमच्याकडे मोजकेच असतात. जमीन भिजते, काही आठवडे नांगर घेते, मग गवत माजतं आणि सगळं हातातून जातं. पॉलिकार्पला हे माहीत होतं. तेवढ्यात ट्रॅक्टर आणायचा होता, आणि तोही असा, की ताईनं पुढची वीस वर्षं तोंडभरून त्याचं नाव घ्यावं.

मग सुरू झाला वैताग.

पहिला ट्रॅक्टर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोत चकाचक निळा होता. अर्धा दिवस मोटारसायकलवर हाडं खिळखिळी करून पॉलिकार्प तिथं पोचला, तर ट्रॅक्टरच्या मधून निंबाचं झाड वर आलं होतं. "फोटो कधीचा?" त्यानं विचारलं. मालक म्हणाला, "चांगला फोटो आहे ना? माझ्या मेहुण्यानं काढलाय." मेहुण्याचं लग्न होऊन नातवंडं झाली असतील, असं पॉलिकार्पला वाटलं. मालकानं वर सांगितलं, "फक्त बॅटरी घातली की झालं." उत्तरेतल्या प्रत्येक मेलेल्या ट्रॅक्टरला फक्त बॅटरी हवी असते.

दुसरा तुमूच्या वाटेवर, एका सरकारी साहेबाचा. हा खरंच चांगला होता. भाव ठरला, हात मिळवले. मग साहेबाची बायको घरातून आली, पॉलिकार्पचा शर्ट बघून म्हणाली, "या माणसाकडं पैसे आहेत का?" आणि साहेबांना एकदम शंका आली. त्यांनी ट्रॅक्टर एका धुतलेल्या शर्टवाल्याला दिला, आणि तोही त्याच भावात! ज्या शर्टानं आयुष्यभर भाव पाडले त्यानंच घात केला, हे पॉलिकार्पला घरी येईपर्यंत पचलं नाही.

तिसऱ्याला मागच्या चाकाचा टायर नव्हता, तो मालकानं पाव्हण्याला दिला होता. चौथ्याचा मालक घानात नव्हताच. पाचव्याचा भाव दर फोनला वाढत होता, कारण फोन उचलणारा दर वेळी वेगळा भाऊ असायचा. मध्ये एकानं त्याला बळेबळे एक काँक्रीट मिक्सर दाखवला. "ट्रॅक्टर नाही, पण हाही गोल फिरतोच की," तो म्हणाला. पॉलिकार्प त्या रात्री बायकोला म्हणाला, "माणसानं देवाला विचारावं, तू काळी माती दिलीस, मग ट्रॅक्टर का नाही दिलास?" बायको म्हणाली, "देव म्हणेल, फोटो पाठवला होता."

इकडे आयुओ विचारत नव्हती. तेच जास्त त्रासाचं होतं. ती पितो ओतत राही आणि झाडाखालचे बाकच एकमेकांना विचारत, "काय पॉलिकार्प, आला का?"

शेवटी एका लॉरी ड्रायव्हरनं सांगितलं, बोल्गाच्या अलीकडे आयामगा म्हणून एकाचा वाडा आहे. रस्त्याच्या कामावरचे रोलर, मिक्सर, पंप, ट्रॅक्टर, सगळं पडलेलं असतं. "पण फ्राफ्रा आहे बघ," ड्रायव्हर हसून म्हणाला.

"मग तर बरंच झालं," पॉलिकार्प म्हणाला.

आता आम्ही दगाबा जमातीचे आणि ते फ्राफ्रा जमातीचे, आमचं नातं थट्टेचं. दोघांचे मूळ पूर्वज भाऊ होते आणि शिजवलेल्या कुत्र्याचं डोकं कुणी खाल्लं यावरून ते भांडले. तेव्हापासून दगाबानं फ्राफ्राला भेटलं की शिवी घालायची, फ्राफ्रानं त्याहून जोरात घालायची. त्याला माझा नोकर म्हणायचं, त्याच्या ताटातलं ओढून खायचं, आणि दोघांनी हसायचं. रागवायचं मात्र नाही. आमच्यात बायको पळाली तर माणूस शांत राहील याची खात्री नाही, पण थट्टेच्या भावावर रागावलेला माणूस कुणी बघितलेला नाही. मयताला तर काही विचारायलाच नको. थट्टेचा भाऊ येतो, तिरडीवर स्वतःच आडवा होतो, दारात अडून बसतो आणि काहीतरी पदरात पडल्याशिवाय प्रेत उठू देत नाही.

आयामगा पोटसुटा, जाड मानेचा माणूस. वाड्याच्या फाटकापाशी त्याची म्हातारी आई, आतामपोका, भुईमूग फोडत बसली होती. पॉलिकार्पनं नाव सांगायचा अवकाश, आयामगा ओरडला, "अरे! दगाबा! कुत्र्याचं डोकं परत करायला आलास का?"

"डोकं तुझ्या आज्यानं खाल्लं. म्हणून तर त्याच्या सगळ्या पिढ्यांना अक्कल नाही," पॉलिकार्प म्हणाला.

वाड्यात रोलर बघायला आलेले दोघेतिघे ठेकेदार होते, ते जवळ सरकले. असा तमाशा फुकटात कोण सोडतो!

"नोकरा, आलास कशाला?"

"मालक आपला ट्रॅक्टर न्यायला आला आहे. कुठं लपवलास?"

आयामगानं वाडा दाखवला. पत्र्याच्या आडोशाला मागचं धड गेलेला एक ट्रॅक्टर पडला होता आणि कोपऱ्यात एक लाल उभा होता. रंग बरा, टायर बरे, नांगर उचलायची लिफ्ट वर गेली की न घसरता वरच राही. पॉलिकार्पचे डोळे तिथं अडकले. तेवढ्यात आयामगा म्हणाला, "तो नको घेऊस. त्याचं पोट फुटलंय."

"पोट तुझं फुटायला आलंय."

"खरं सांगतो. आतून तडा आहे. तू पितो ढोसतोस तसं पाणी ढोसतो आणि तेलात मुततो. कुठल्या शहाण्या माणसाला मी तो विकणार नाही. दगाबाला देता येईल."

ठेकेदार हसून हसून रोलरला टेकले. पॉलिकार्पही हसला. आणि हसता हसता त्याच्या डोक्यात गणित झालं. थट्टेचा भाऊ आपल्या मालाची तारीफ करेल का? नाही. तो चांगल्या मालाला शिव्या घालणार. म्हणजे हा वाड्यातला सगळ्यात चांगला माल.

"भाव बोल," तो म्हणाला.

"चाळीस हजार सेडी. लोखंडाच्या भावानं."

असा ट्रॅक्टर बाजारात सत्तरच्या खाली मिळत नव्हता. हे पॉलिकार्पइतकं कुणालाच माहीत नव्हतं. कुणी परक्यानं चाळीस सांगितले असते तर त्यानं ट्रॅक्टरकडे पाठ करून घर गाठलं असतं. पण हा थट्टेच्या भावाचा भाव होता ना! भावानं भावाला दिलेला. "चाळीस? तुझ्या आजीला विकली असती तरी इतके आले नसते. पस्तीस."

आयामगानं डोकं खाजवलं. "पस्तीस. पण पोट फुटलंय हं. मग येऊन रडू नकोस."

पॉलिकार्पनं सेल्फ मारायला सांगितला. इंजिन लगेच लागलं. हात लावला तर कोमट. "सकाळी हलवला होता इकडून तिकडं," आयामगा म्हणाला. मग पॉलिकार्पचा हात आपोआप तेलाच्या पट्टीकडे गेला. आयुष्यभराची सवय. आयामगानं त्याच्या हातावर चापट मारली. "बघा बघा! दगाबाला दुसऱ्याच्या पोटात बोट घातल्याशिवाय चैन पडत नाही!"

सगळा वाडा हसला. आणि पॉलिकार्पनं हात मागं घेतला. का घेतला, हे तो पुढं कित्येकदा स्वतःला विचारणार होता. एवढ्या हशात पट्टी ओढणं म्हणजे हरल्यासारखं वाटलं असतं.

फाटकातून निघताना म्हातारी आतामपोका भुईमुगावरून नजर न उचलता म्हणाली, "नको नेऊस, लेकरा. फुटका आहे तो."

पॉलिकार्पला फार कौतुक वाटलं. म्हातारी पण काय पक्की! या वयातसुद्धा थट्टा चुकवत नाही. त्यानं तिच्या टोपलीतले मूठभर दाणे हिसकावले आणि खात खात लॉरीत चढला.

जिरापात लाल ट्रॅक्टर उतरला तेव्हा आयुओच्या बाकांवर जागा उरली नाही. पस्तीस हजार ऐकून लोकांनी तोंडात बोटं घातली. आयुओ ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून आली, बोनेटवर हात ठेवला, आणि भावासाठी मोठी कलाबाश काढली. स्वतः घोट घेऊन त्याला दिली. तिच्या हातची ती पितो पॉलिकार्पला त्या दिवशी जरा जास्तच गोड लागली.

दुसऱ्या सकाळी पहिलं शेत. नांगर मातीत उतरला, चार सऱ्या सरळ पडल्या, पाचवीला इंजिननं खाकरल्यासारखं केलं. मग पांढरा धूर. मग काहीच नाही. ड्रायव्हर खाली उतरून धुराकडे बघत उभा राहिला.

फिटर सुलेमाना सायकलवर आला. त्यानं एक शब्द न बोलता तेलाची पट्टी ओढली आणि पॉलिकार्पच्या नाकासमोर धरली. पट्टीवर तेल नव्हतं, दूध घातलेला कोको होता.

"पाणी तेलात उतरलंय," सुलेमाना म्हणाला. मग त्यानं बाजूनं रंग खरवडला. खाली भेग बुजवायची लांबी कुणीतरी भरलेली होती आणि लांबीखाली बोटभर तडा. "इंजिनचा ब्लॉक गेलाय. पॉलिकार्प काका, तुम्ही पट्टी नाही बघितली?"

पॉलिकार्प त्याच्या हातातली पट्टी घेऊन पुसायला लागला.

"तुम्ही?"

"ऐकलं मी एकदा."

"विकणाऱ्यानं सांगितलं नाही का?"

आता याला काय उत्तर देणार! विकणाऱ्यानं सांगितलं होतं. तीनदा सांगितलं होतं. त्याच्या आईनं सांगितलं होतं. चार माणसांसमोर सांगितलं होतं. पोलिसात जायचं तर पोलीस पहिला प्रश्न हाच विचारणार. आणि भाव? त्या पस्तीसच्या आकड्यानं तर सगळ्यात मोठ्यानं सांगितलं होतं. उत्तरेतला सगळ्यात हुशार भाव काढणारा माणूस भाव डोळ्यासमोर असून वाचू शकला नाही.

त्यानं आयामगाला फोन लावला.

"नोकरा! पोचलास का?"

"आयामगा, ट्रॅक्टरचा ब्लॉक फुटलाय."

"हो. मी सांगितलं होतं."

"मला वाटलं तू थट्टा करतोयस!"

"करतच होतो. थट्टापण करत होतो आणि ब्लॉकपण फुटलेला होता. म्हणून तर पस्तीस. भला माणूस आहे म्हणून किंमत पण फुटक्याची लावली."

आणि इथं पॉलिकार्पचा तोल गेला. तो ओरडला. थट्टेत ओरडतात तसं नाही, खरंखुरं, गळ्याच्या शिरा ताणून. चोर म्हणाला, लुच्चा म्हणाला, आणि त्यात कुत्र्याचा एकदाही उल्लेख केला नाही. पलीकडे आयामगा हसायचा थांबला. "तू रागावलास का?" त्यानं हळूच विचारलं, माणूस आजारी आहे का असं विचारावं तसं. पॉलिकार्पनं फोन बंद केला.

शेतात उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. त्याच संध्याकाळी दोन म्हातारे त्याच्या अंगणात आले. ट्रॅक्टरची चौकशी करायला नव्हे. "फ्राफ्रावर रागावलास म्हणे?"

"त्यानं मला पस्तीस हजाराला फसवलं!"

"फसवलं का सांगितलं?"

"सांगितलं."

"मग? रागावल्याच्या दंडाचा एक कोंबडा काढ."

पॉलिकार्पनं कोंबडा काढला. ट्रॅक्टर गेला तो गेला, वर कोंबडा. म्हाताऱ्यांनी तो घेतला, विधी केला, उरलेला तिथंच शिजवून खाल्ला, आणि जाताना म्हणाले, "मीठ जरा कमी होतं."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. ज्यांनी नांगरणीसाठी नावं दिली होती ते एकेक करून दुसऱ्याचे ट्रॅक्टर बघायला लागले. आयुओनं कुणाला अडवलं नाही. पॉलिकार्प झाडाखाली गेला की ती कलाबाश सगळ्यांना देई, त्याच्या बाकापाशी आल्यावर मात्र तिला चुलीकडे काहीतरी काम निघे. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं. बाकावर मात्र कोरडा बसून राहायचं आणि शेजारच्यांनी विचारायचं, "काय पॉलिकार्प, आज उपास?"

चौथ्यांदा असं झालं तेव्हा तो उठून चुलीशी गेला. "ताई, बोल की काहीतरी."

आयुओनं चुलीत लाकूड सारलं. "तो फ्राफ्रा तुझा थट्टेचा भाऊ ना?"

"हो. म्हणून तर काही करता येत नाही."

"आपल्याकडं मयत झालं की तो काय करतो?"

"येऊन तिरडी अडवतो. काही दिल्याशिवाय हलत नाही."

"आणि त्यांच्यात मयत झालं तर?"

"आपण जातो. तेच करतो."

"मग," आयुओ म्हणाली, "त्यांची लाल पोरगी आपल्या घरी येऊन मेली. माहेरी कळवायला नको?"

बाई वर्षानुवर्षं का बोलत नव्हती ते पॉलिकार्पला तेव्हा कळलं. साठवत होती.

बोल्गाच्या बाजारच्या दिवशी आयामगाच्या वाड्यापुढे लॉरी थांबली. पॉलिकार्प, ड्रायव्हर आणि सुलेमाना फिटर उतरले. मयताला वाजवतात तो लाकडी पट्ट्यांचा बालाफोन ट्रॅक्टरसाठी द्यायला जिरापात कुणी तयार झालं नव्हतं, बरोबरच होतं ते, म्हणून रिकामा डिझेलचा डबा होता. तो बडवत त्यांनी लॉरीतून फुटलेलं इंजिन उतरवलं, आयामगाच्या फाटकात बरोबर मधोमध ठेवलं, वर पांढरं कापड घातलं, आणि पॉलिकार्प त्याच्या बाजूला आडवा झाला.

"अगं माझी लाल मैना!" त्यानं हंबरडा फोडला. "माहेरच्यांनी पोट फुटकी पाठवली गं! हुंड्यात लांबी भरून दिली गं!"

आत एक ठेकेदार मिक्सर घेऊन निघाला होता, त्याची लॉरी फाटकात अडली. मागं दुसरी. रस्त्यावरची माणसं थांबली. आयामगा धावत आला, इंजिन बघितलं, पॉलिकार्प बघितला, आणि हसावं की रडावं हे न कळून मान खाजवायला लागला.

"ऊठ, दगाबा! माझं गिऱ्हाईक अडलंय!"

"मी उठेपर्यंत प्रेत उठणार नाही. खंडणी टाक."

"घे एक कोंबडी."

"एक कोंबडा माझा तुझ्यावर रागावण्यात गेला आहे. कोंबड्यांबद्दल बोलू नकोस."

"दोन कोंबड्या."

"तो मागचं धड गेलेला ट्रॅक्टर आहे ना पत्र्याच्या आडोशाला, त्याचं इंजिन."

"वेडा आहेस का? त्याला गिऱ्हाईक येणार आहे!"

"केव्हा? निंबाचं झाड उगवल्यावर? मागचा गियरबॉक्स नसलेला ट्रॅक्टर कोण घेणार? तुला त्याचे लोखंडाचे पैसे येतील. आणि हे बघ, लोखंड मी तुला आणून दिलंय." त्यानं कापडाखालच्या इंजिनवर थाप मारली. "वर माझ्या बहिणीच्या पितोचा डेरा."

"पितो कुठं आहे?"

"लॉरीत. पण तू दगाबाची पितो प्यायला घाबरतोस. तुमची आतडी कच्ची."

मागच्या लॉरीनं भोंगा वाजवला. मिक्सरवाला ठेकेदार ओरडला, "देऊन टाक रे त्याला, माझं सिमेंट भिजतंय तिकडं!" आयामगा अजून कुरकुरत होता. तेव्हा फाटकाशेजारून आतामपोका म्हातारी म्हणाली, "दे त्याला. मयताला आलेल्याला रिकाम्या हातानं धाडत नाहीत. घरची माणसं कशी वागतात हे बघायला गाव जमलंय."

आयामगानं हात वर केले. पण गंमत पुढंच होती. आडोशाच्या ट्रॅक्टरच्या इंजिनापाशी उभं राहिल्यावर आयामगा म्हणाला, "हे चांगलं आहे बघ."

पॉलिकार्प दचकला. "काय म्हणालास?"

"चांगलं आहे. एकदम."

आता थट्टेच्या भावानं वाईट म्हटलं तेव्हा वाईट निघालं. चांगलं म्हटल्यावर काय समजायचं? पॉलिकार्पला घाम फुटला. "वाईट म्हण."

"का म्हणू? चांगलं आहे."

"शिवी घाल तरी त्याला!"

"कशाला घालू? बिचारं गुणी इंजिन आहे."

पॉलिकार्प म्हातारीकडे गेला. "आजी, तुम्ही सांगा."

"मला विचारू नकोस," आतामपोका भुईमूग फोडत म्हणाली. "माझं तू ऐकतोस का?"

तेव्हा पॉलिकार्पनं शर्टाच्या बाह्या वर केल्या. त्यानं इंजिनवर हात ठेवला, गार होतं. पट्टी ओढली. बोटानं तेल चोळलं, वास घेतला, उन्हात धरलं. काळं, स्वच्छ, पाण्याचा टिपूस नाही. पुसून पुन्हा घातली, पुन्हा ओढली. सगळा वाडा ओरडत होता, "दगाबा पोटात बोट घालतोय रे!" त्यानं तिसऱ्यांदा ओढली. सुलेमानानं बॅटरी जोडली, इंजिन दोनदा अडखळलं आणि लागलं. धूर आधी काळा, मग निळसर, मग नाही. पॉलिकार्प शेजारी बसून ऐकत राहिला, डिझेल संपेपर्यंत. मिक्सरवाला ठेकेदार केव्हाच निघून गेला होता.

इंजिन जिरापात बसवून होईपर्यंत गवत गुडघ्याला आलं होतं. नाव दिलेल्यांपैकी बहुतेकांची नांगरणी दुसऱ्यांनी करून टाकली होती. लाल ट्रॅक्टरनं त्या वर्षी आयुओचं शेत नांगरलं, एका आळशी शिक्षकाचं नांगरलं, आणि उशिरा चवळी पेरणाऱ्या थोड्या लोकांचं. गाईंची किंमत त्यातून येणार नव्हती. पुढच्या वर्षी बघू, आयुओ म्हणाली. पुढच्या वर्षीही ट्रॅक्टर आपला आहे, एवढंच त्यातलं बरं.

शेवटचं शेत झालं त्या संध्याकाळी पॉलिकार्प बाकावर येऊन बसला. आयुओ कलाबाश घेऊन आली. त्याच्या समोर थांबली, स्वतः घोट घेतला, आणि कलाबाश पुढे केली.

त्यानं घेतली, पण तोंडाला लावण्याआधी फेस बाजूला सारून आत बघितलं.

"अरे!" बाक खदखदले.

"बघू दे त्याला," आयुओ म्हणाली. "उशिरा का होईना, शिकला."

तेवढ्यात एक माणूस फोन पुढे करत आला. "पॉलिकार्प काका, हा मळणी यंत्राचा फोटो बघा. नवरोंगोला आहे. भाव कमी सांगतोय."

"मालक कोण?"

"एक फ्राफ्रा."

पॉलिकार्पनं कलाबाश खाली ठेवली. "मालाबद्दल काय म्हणतो तो?"

"म्हणतो, मी आजवर विकलेल्यात सगळ्यात भंगार आहे."

पॉलिकार्पनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग उठला, घरात गेला, आणि भाव काढायचा शर्ट शोधायला लागला. तो सापडेना. आतून बायकोचा आवाज आला, "धुतलाय."